पारोसा पांडुरंग

सशाला आंघोळ घालावी की घालू नये, हा प्रश्न एकसष्टाव्या वर्षी आपल्या वाट्याला येईल असे मला कधी वाटले नव्हते. एकसष्टी झाली की माणसाने 'मी कोण, कोठून आलो, कोठे जाणार' असल्या प्रश्नांकडे वळावे अशी लोकांची अपेक्षा असते. मी वळणारही होतो. ज्ञानेश्वरीची प्रत कपाटातून काढून टेबलावर ठेवण्यापर्यंत माझी तयारी झाली होती. पण तेवढ्यात समोरच्या बिऱ्हाडाची बंगळूरला बदली झाली आणि 'मी कोण' हा प्रश्न जो मागे पडला, तो अजून वर आलेला नाही.

गाव सोडून जाणाऱ्या माणसांची एक पद्धत असते. नको असलेल्या वस्तू ती शेजाऱ्यांना देतात आणि त्यांना 'आठवण' म्हणतात. मोडकी खुर्ची टाकून द्यायची तर हमालाला पैसे द्यावे लागतात. आठवण म्हणून दिली की शेजारी स्वतः उचलून नेतो, वर डोळ्यांत पाणी आणतो. या हिशेबाने आमच्याकडे तुळशीच्या दोन कुंड्या, पाटा नसलेला एक वरवंटा आणि पिंजऱ्यासकट एक पांढराशुभ्र ससा अशा तीन आठवणी आल्या. कुंड्या आणि वरवंटा यांनी आजवर काही त्रास दिलेला नाही.

आमची नात मुक्ता आठ वर्षांची. तिला सशाचे नाव 'स्नोई' ठेवायचे होते. पण आमच्या घरात नावे ठेवण्याचे खाते पहिल्यापासून आत्याकडे आहे. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. वय वर्षे शहाऐंशी. लग्न केले नाही, अडतीस वर्षे मुलींच्या शाळेत गणित शिकवले आणि निवृत्त झाल्यावर ते घरात शिकवायला घेतले. अजूनही मी बाजारातून आलो की भाजीचा हिशेब मला तोंडी द्यावा लागतो.

"स्नोई काय? पांढरा आहे ना? मग पांडुरंग," आत्या म्हणाली आणि विषय संपला. दोन दिवसांत पांडुरंगाचा पांडू झाला. पण नावामागून एक जबाबदारी येते हे आमच्या ध्यानात आले नव्हते. तिसऱ्या दिवशी सकाळी आत्याने चष्म्यावरून पिंजऱ्याकडे बघत विचारले, "याची आंघोळ झाली का?"

"आत्या, ससा आहे तो."

"असेल. पण देवाचं नाव दिलंय. आणि पिंजरा देवघराच्या भिंतीला लागून. पारोसा राहायचा नाही या घरात."

'पारोसा' हा शब्द ज्यांना घरी ऐकावा लागला नाही त्यांना त्याची धार कळायची नाही. आंघोळ केलेल्या माणसाला काय म्हणावे हे सांगायला आपण 'शुचिर्भूत' वगैरे संस्कृतातून उसने आणतो. न केलेल्यासाठी मात्र अस्सल घरचा शब्द आहे, आणि तो उच्चारतानाच नाक जरा वर जाते. मराठी माणूस कोणाकोणाला न्हाऊ घालत नाही? देवाला रोज घालतो. बैलाला पोळ्याच्या दिवशी घालतो. दसऱ्याला स्कूटरला घालतो. पावसाळ्यात जो स्वतः 'आंघोळीची गोळी' घेऊन बाहेर पडतो, तोही मुलांना 'कावळ्याची आंघोळ नको, नीट कर' म्हणून सांगतो. या यादीत एक ससा वाढला तर बिघडले कोठे, असे मलाही वाटले. शिवाय आत्यापुढे 'का' विचारायची सवय माझी लहानपणीच मोडली आहे.

ती मोडली न्हाणीघरातच. आमच्या जुन्या वाड्यात नरकचतुर्दशीला पहाटे साडेचारला तांब्याचा बंब पेटायचा आणि पाच वाजता आत्या मला पाटावर बसवायची. तेल, मग उटणे, मग साबण. तिचा हात गणिताच्या मास्तरणीचा. एकही कोपरा राहता कामा नये. डोळ्यांत साबण गेला की मी जो टाहो फोडायचो, त्याने वाड्यातली उरलेली सहा बिऱ्हाडे जागी व्हायची. खालच्या मजल्यावरचे भाडेकरू गजराचे घड्याळ लावत नसत, अशी त्यांची ख्याती होती. आत्या म्हणायची, "ओरड, ओरड. नरकात याहून जास्त झोंबतं." पण ती थांबायची. तेवढ्यापुरती थांबायची, पदराने माझे डोळे पुसायची आणि मग पुढे चालू. हे मला तेव्हा महत्त्वाचे वाटले नव्हते.

तर माघातल्या एका रविवारी पांडूचे अभ्यंगस्नान ठरले. मुक्ताचे लहानपणचे प्लॅस्टिकचे टब माळ्यावरून काढले. कोमट पाणी, मुक्ताचा शॅम्पू, दोन पंचे. आत्या दारात खुर्ची टाकून बसली, आमची सौभाग्यवती 'सर्दी होईल हो त्याला' एवढे एकदा म्हणून स्वयंपाकघरात गेली (तिची सगळी शहाणपणाची वाक्ये ती स्वयंपाकघरात जाता जाता म्हणते, त्यामुळे ती वाया जातात), आणि मी बाह्या सरसावल्या.

पाण्याला पाय लागताच पांडूने जी लाथ मारली तिने माझा चष्मा पाण्यात गेला. दुसऱ्या लाथेने शॅम्पू. मग मला एक युक्ती सुचली. तान्ह्या बाळाला जसे हातावर उताणे घेतात तसे मी त्याला उलटे केले, आणि काय आश्चर्य! पांडू एकदम शांत झाला. पाय सैल, मान माझ्या मनगटावर, डोळे उघडे, हू नाही की चू नाही. मी पोटावर शॅम्पू लावला, कानामागे चोळले, चार तांबे पाणी ओतले. तो निवांत.

"बघ!" आत्या म्हणाली. "सवय नव्हती म्हणून झाडत होता पाय. आता सुख कळलं."

"आजोबा, त्याला आवडतंय!" असे म्हणून मुक्ताने मोबाइलवर चित्रफीत काढली. ती पुढे सगळ्या नातेवाइकांत फिरली आणि नागपूरच्या व्याह्यांनी 'किती गुणी बाळ' असा अभिप्रायही पाठवला.

मला त्या क्षणी जे समाधान वाटले ते खोटे नव्हते, हे मुद्दाम सांगतो. आपण कोणाचे तरी भले करतो आहोत आणि तो काही बोलत नाही, याहून सुखाची अवस्था संसारात नाही. बायको बोलते, मुलगा बोलतो, सून बोलत नाही पण तिचा चेहरा बोलतो. इतक्या वर्षांत माझ्या उपकाराला एकाही शब्दाने उत्तर न देणारा हा पहिलाच जीव भेटला होता.

ओला ससा तुम्ही पाहिला नसेल. पाहू नये. पांढरा गुबगुबीत गोळा जाऊन तिथे वाळत घातलेल्या हातमोज्याएवढे काहीतरी उरते, त्याला दोन कान. आम्ही पंचाने पुसले. तासाभराने वरचे केस वाळले, पण बोट आत घालून पाहिले तर मुळाशी ओलच. दोन तासांनी तेच. दुपारी तो पिंजऱ्याच्या कोपऱ्यात पाठ वाकवून बसला. कान हाताला गार लागले. मुक्ताने कोथिंबिरीची काडी पुढे केली. कोथिंबिरीसाठी हा प्राणी एरवी पिंजऱ्याच्या गजांवर दात घासतो. आज त्याने नाकही हलवले नाही. सशाचे नाक थांबलेले बघणे फार वाईट.

संध्याकाळी आम्ही त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे नेले. डॉक्टर म्हणजे पंचविशीतली मुलगी होती. तिने पांडूला हातात घेतले आणि पहिला प्रश्न विचारला, "आंघोळ कोणी घातली?" मी मुक्ताकडे पाहिले. मुक्ताने माझ्याकडे पाहिले. आत्या घरी होती.

"गुणी आहे हो," मी म्हणालो. "सुरुवातीला जरा धडपडला, मग उताणा केला तर अगदी शांत झाला. आवडलं त्याला."

"काका," ती म्हणाली, "सशाला उताणं केलं की तो निपचित पडतो. त्याला ते आवडत नसतं. कोल्ह्यालांडग्याच्या तोंडी सापडला आणि सुटायची वाट उरली नाही की शेवटचा उपाय म्हणून तो मेल्यासारखा पडतो. बाहेरून शांत दिसतो. पण अशा सशांची नाडी, श्वास आणि रक्तातली भीतीची द्रव्यं मोजून पाहिलीयेत लोकांनी. सगळी वाढलेली असतात."

मी काही बोललो नाही. आता माझे नाक थांबले होते.

मग तिने, रागावलेली मुले जसे आवाज मुद्दाम खाली ठेवून बोलतात तसे, बाकीचे सांगितले. सशाच्या वरच्या केसांखाली दाट लव असते, ती भिजली की तासन्‌तास वाळत नाही. त्याच्या अंगाची उष्णता १०१ ते १०३ फॅरनहाइट, आपल्यापेक्षा जास्त, आणि ओल्या अंगाने ती भराभर उतरते. शरीराच्या मानाने हाडे हलकी आणि मागच्या पायांत जोर दांडगा, त्यामुळे घाबरून पाय झाडताना ससा स्वतःचाच कणा मोडून घेऊ शकतो. आणि त्याची आतडी सतत चालू राहावी लागतात. अर्धा दिवस त्याने काही खाल्ले नाही तरी जिवावर बेतते. "आता ऊब द्या, मी देते ते पातळ खाणं पिचकारीनं भरवा, आणि रात्रभर लेंड्यांवर लक्ष ठेवा."

ती रात्र मी विसरणार नाही. गरम पाण्याच्या बाटल्या पंचात गुंडाळून पांडूच्या दोन्ही बाजूंना लावल्या आणि मी जमिनीवर गोधडी टाकून बसलो. मुलाच्या बोर्डाच्या निकालाची वाट मी पाहिली आहे, बढतीच्या यादीची पाहिली आहे. पण कोणाच्या लेंडीची वाट इतक्या व्याकुळ मनाने पाहिल्याचे आठवत नाही. दोनच्या सुमाराला आत्या भिंत धरत धरत आली. काही न बोलता खुर्चीवर बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मला वाटलं, आवडतंय त्याला."

"मलाही."

"शाळेत एक मुलगी होती," आत्या म्हणाली. "कधी शंका विचारायची नाही. मी म्हणायची, हिला सगळं समजतं." आणि पुढे काही बोलली नाही. त्या मुलीचे पुढे काय झाले हे मी विचारले नाही.

पहाटे साडेचारला, म्हणजे वाड्यात बंब पेटायच्या वेळेला, अंधारात बारीक कर्रकर्र ऐकू आले. पांडू कोथिंबिरीची काडी खात होता. सहाला लेंडी झाली. मुक्ता उठून आली तेव्हा तिला ही बातमी मी ज्या आवाजात सांगितली, त्याने खालच्या मजल्यावरचे उठले.

त्यानंतर पांडूकडे मी जरा बघायला लागलो. आधी बघत नव्हतो काय? होतो, पण ते बघणे आपण घड्याळाकडे बघतो तसले. आता कळले की हा प्राणी दिवसातून कितीतरी वेळा आपली आपण आंघोळ करतो. पुढचे दोन्ही पाय चाटून ओले करतो, तोंडावरून फिरवतो, मग एक कान दोन्ही पंजांत धरून खाली ओढतो आणि शेंड्यापर्यंत चाटत नेतो, न्हालेली बाई पुढे घेतलेले केस पंचाने टिपते ना, तसा. मुळात हा युरोपातला जीव, स्पेन-पोर्तुगालच्या बाजूचा, बिळांत राहणारा. (आपल्या माळरानावरचा भुरा ससा वेगळा. तो बिळे खणत नाही आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे घरी पाळताही येत नाही.) पाण्याने अंग धुवायची वेळ याच्या पूर्वजांवर कधी आली नाही, आणि तरी ते पांढरेशुभ्र, निदान स्वच्छ, राहिले. रात्री तो एक प्रकारच्या मऊ लेंड्या थेट तोंडाने उचलून पुन्हा खातो. पहिल्या खेपेला न पचलेले सत्त्व त्यातून त्याला मिळते, ते नाही मिळाले तर प्रकृती बिघडते. सोवळ्याच्या कोणत्या कलमात हे बसवायचे हे न कळल्याने ही गोष्ट आम्ही आत्याला सांगितलेली नाही. कृपया कोणी सांगू नये.

शॅम्पूच्या बाटलीवर 'डोळ्यांना झोंबत नाही' असे लिहिलेले होते. ती बाटली कचऱ्यात टाकताना सून म्हणाली, "बाबा, हे झोंबतं की नाही हे पूर्वी कोणाच्या डोळ्यांत घालून बघत, माहीत आहे?" सून औषधांच्या कारखान्यात काम करते. १९४४ साली ड्रेझ नावाच्या अमेरिकन सरकारी शास्त्रज्ञाने ही चाचणी बसवून दिली. सशाच्या एका डोळ्यात पदार्थ घालायचा, दुसरा तसाच ठेवायचा आणि किती सूज येते याचे गुण मांडायचे. पुढे कित्येक वर्षे जगभर हे चालले. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांसाठी जनावरांवर चाचण्या करायला २०१४ साली बंदी आली. "सशावरच का?" मी विचारले. "स्वस्त, डोळे मोठे," सून म्हणाली, "आणि आरडाओरडा न करता बसून राहतो."

मी ती बाटली टाकायच्या आधी पुन्हा वाचली. झोंबत नाही म्हणे. कोणाला, ते लिहिले नव्हते.

मौन म्हणजे संमती, असे आपल्याकडे समजतात. मला वाटते, हे वचन ज्याच्या हातात तांब्या असतो त्याने केलेले असावे. बोहल्यावर उभ्या केलेल्या मुलीपासून ते साहेबासमोर उभ्या असलेल्या कारकुनापर्यंत किती जणांचे गप्प बसणे आपण होकार म्हणून खपवले असेल! मी स्वतः तीस वर्षे साहेबासमोर गप्प उभा राहिलो आहे. साहेबाने निरोप समारंभात सांगितले, "यांची कधी तक्रार नसायची." टाळ्या झाल्या. माझी नाडी त्या वेळी कोणी मोजली नाही म्हणून बरे.

इथवर आल्यावर लेख संपवावा असा मोह होतो: सशाला आंघोळ घालू नये, इति. मीही काही महिने त्याच मताचा कट्टर पुरस्कर्ता होतो. चुकून शहाणा झालेला माणूस फार त्रासदायक असतो. सोसायटीत कोणी कुत्र्याला न्हाऊ घालताना दिसले तरी मी थांबून चार शब्द सांगत असे. घरी पांडूच्या अंगाला कोणी ओला हात लावलेला मला खपत नसे. मुक्ताची आई श्रावणात एकदा म्हणाली, "बाबा, पांडूच्या मागच्या बाजूला वास येतोय." मी तिला सशाच्या स्वयंस्वच्छतेवर दहा मिनिटे व्याख्यान दिले.

वास येत होता. शेजाऱ्यांनी त्याला बिस्किटांची सवय लावली होती आणि आम्ही, प्रेमाने, पोळी आणि केळ्याची. पांडू इतका सुटला होता की त्याचे तोंड मागे पोचेना. मऊ लेंड्या तिथेच चिकटून राहत होत्या, आणि श्रावणातल्या माश्या. पुन्हा त्याच डॉक्टरकडे गेलो. या वेळी तिने आवाज खाली ठेवला नाही. "काका, माशी तिथे अंडी घालते. अळ्या व्हायला एखादा दिवस पुरतो, आणि त्या जिवंत मांस खातात! आंघोळ घालू नका म्हटलं होतं मी. बघू नका नव्हतं म्हटलं."

सुदैवाने अळ्या नव्हत्या. तिने मला करून दाखवले: दोन बोटे खोल कोमट पाणी, ससा सरळ धरलेला, उताणा नाही, छातीखाली हात, फक्त मागचा भाग हलक्या हाताने धुवायचा, पावडर बिवडर फासायची नाही, आणि मुळापर्यंत कोरडे होईस्तोवर सोडायचे नाही. पोळी बंद, केळे बंद, वाळलेले गवत भरपूर. पांडूने या खेपेलाही दोन लाथा मारल्या. ती थांबली, त्याला टॉवेलवर ठेवले, तो जरा सावरला, मग पुन्हा घेतले. चार मिनिटांचे काम तिने वीस मिनिटांत केले. बाहेर तीन कुत्री आणि त्यांचे मालक ताटकळत होते.

गणपती गेल्यावर आत्या पडली. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली आणि पंधरा दिवसांनी ती घरी आली ती निम्मी होऊन. तिला सांभाळायला दिवसा एक मावशी येऊ लागल्या. मोठ्या कामसू आणि आनंदी बाई. जखम भरल्यावर डॉक्टरांनी परवानगी दिली तसे मावशी आणि सौभाग्यवती मिळून आत्याला न्हाणीघरात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवून आंघोळ घालू लागल्या. मी गरम पाण्याची बादली दारापर्यंत न्यायची आणि बाहेर थांबायचे, हे माझे काम. आतून मावशींचा 'हर हर गंगे' असा खणखणीत आवाज यायचा आणि पाणी पडल्याचा. बाहेर आल्यावर त्या रोज कौतुकाने सांगायच्या, "आजी किती शांत बसतात हो! काही त्रास नाही त्यांचा. लहान बाळासारख्या."

"हो ना," मी म्हणायचो. तीन आठवडे म्हणत होतो.

या बाईने आयुष्यात एकही आंघोळ शांतपणे केलेली नाही, हे मला माहीत असायला हवे होते. पाणी फार कढत, पाणी फार गार, साबण बदलला कोणी, वजरी गेली कोठे, दार नीट लागत नाही! रोज सकाळी अर्धा तास न्हाणीघरातून तिची आकाशवाणी चालू असायची. सशाबद्दल मी एवढे शिकलो, डॉक्टरचे बोलणे वहीत उतरवून घेतले. आणि त्या दाराशी बादली घेऊन उभा असताना एकदाही माझ्या मनात काही आले नाही.

ते आले नरकचतुर्दशीच्या पहाटे. पाच वाजता घरात सगळे उठले होते. मावशी मुद्दाम लवकर आल्या होत्या, उटणे भिजले होते, मोती साबणाची नवी वडी निघाली होती, मुक्ता डाव्या पायाने कारीट फोडायला टपली होती. आत्याने इतकी वर्षे आम्हाला न्हाऊ घातले, यंदा आपण तिला घालू, असा बेत मीच केला होता. तिला खुर्चीवर बसवले. मी बादली दारात ठेवली, आणि दार लागायच्या आत तिचा चेहरा मला दिसला. डोळे उघडे. मान मावशींच्या हातावर टेकलेली. हात मांडीवर सैल. हू नाही की चू नाही.

"थांबा," मी म्हणालो.

मावशींचा तांब्या हवेतच राहिला. मी दाराबाहेरूनच, तोंड भिंतीकडे करून, विचारले, "आत्या, तुला हवी आहे का आंघोळ?"

बराच वेळ काही नाही. सौभाग्यवती म्हणाली, "अहो, आज नरकचतुर्दशी आहे. असं काय विचारता?"

मग आतून आवाज आला. बारीक, पण आत्याचा. "पडेन असं वाटतं रे. रोज वाटतं. तांब्या डोक्यावरून येतो तो दिसत नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"कोणी विचारलं नाही. आणि बायांना किती काम..." मग जरा थांबून, "आज नको."

"आजी, आज नाही केली तर नरकात जातात," मुक्ता म्हणाली.

"ते मी बघून घेईन. मला बाहेर न्या."

अशा रीतीने आमच्या घरात सूर्योदयाला दोन जीव पारोसे होते, एक पांडुरंग आणि दुसरी त्याची नाव ठेवणारी. दोघेही गॅलरीत कोवळ्या उन्हात बसले. फराळाला आलेल्या वहिनींनी विचारले, "आत्याबाईंची अभ्यंगं झाली का?" तेव्हा मी चिवड्याचे ताट पुढे केले.

साडेअकराच्या सुमाराला आत्याने हाक मारली. "ऊन चांगलं आहे. पाणी काढ."

मी बादली नेली. दोघींनी तिला खुर्चीत बसवले. मावशींनी तांब्या भरून घेतला तेवढ्यात आत्या म्हणाली, "तो इकडे द्या. माझ्या हातात. तुम्ही दोघी नुसत्या धरून राहा."

मी बाहेर उभा राहिलो. पाणी पडल्याचा एक आवाज यायचा, मग इतका वेळ शांतता की मला शंका यावी. मग पुन्हा एक. चाळीस मिनिटे हे चालले होते. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या, पाहुणे दोनदा येऊन गेले. पांडू उंबऱ्यापाशी येऊन बसला आणि डावा कान खाली ओढून चाटू लागला.

"अरे!" आतून ओरड आली. "हे पाणी आहे की कढी? आणि साबण कुठला आणलास हा? डोळे जळले माझे!"

"आत्या, विसण आणू का?"

"विचारतोस काय? आण!"

मी विसण आणायला धावलो.